दोन बटणं आणि एक जास्तीचा दिवा

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे गाळलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत? चला तर मग.

आजची गोष्ट सुरू होते आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात. जुनं घर, कौलारू, भिंती जाडजूड. स्वयंपाकघराच्या दाराशी एक छोटा बोर्ड, त्यावर दोन बटणं. एका बटणावर ट्यूबलाइट. दुसरं बटण कित्येक वर्षं रिकामंच, कशालाच जोडलेलं नाही. आजीचं देवघर त्याच खोलीच्या कोपऱ्यात, आणि तिथे ट्यूबचा उजेड नीट पोचत नाही. आजी म्हणाली, "अरे, तिथे एक छोटा दिवा लावून दे ना, पोथी दिसत नाही मला."

मी म्हटलं, हे काय अवघड आहे? बटण रिकामं आहेच. बाजारातून होल्डर, वायर, नऊ वॅटचा एलईडी बल्ब आणला, दोन व्हिडिओ पाहिले, मेन स्विच बंद केला आणि तासाभरात काम फत्ते. बटण दाबलं, दिवा लागला. बटण बंद केलं, दिवा गेला. आजी खूश, मी त्याहून खूश.

दोन दिवसांनी आजीचा फोन. "तो दिवा रात्री आपोआप मिणमिणतो रे. बटण तर बंद असतं."

मला वाटलं तिला भास होत असेल. पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा रात्री सगळे दिवे बंद करून पाहिलं. खरंच! बल्ब अगदी मंद, काजव्यासारखा उजळलेला. बटण बंद.

त्या मिणमिणणाऱ्या दिव्यामागे जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे. घरातला दिवा हवा तेव्हा, हवा तेवढाच, हवा तिथून लावता आणि मालवता यावा, यासाठी माणसांनी काय काय केलं, कुठे चुकले, त्या चुकांमधून कोणते नियम आले, हे आज बघूया. आणि शेवटी आजीच्या दिव्याकडे परत येऊ. तो किस्सा अर्धवट सोडणार नाही, काळजी नसावी.

बटण नव्हतं तेव्हा

आपल्याकडे दिवा लावणं हे काम होतं. कंदिलाची काच पुसायची, वात कातरायची, रॉकेल भरायचं. संध्याकाळच्या वेळेला नावच 'दिवेलागण'. दिवा लागला की घरातली मोठी माणसं हात जोडायची. कित्येक घरांत आजही ट्यूबचं बटण दाबल्यावर आजी नमस्कार करते. आणि 'दिवा विझव' असं म्हणायचं नाही, 'मालव' म्हणायचं. म्हणजे दिवा पेटवण्याइतकंच तो मालवण्यालाही महत्त्व होतं.

विजेचा दिवा आला तेव्हा नेमकं हेच अवघड होऊन बसलं. पेटवायला सोपा, मालवायला कठीण.

सुरुवातीचे विजेचे दिवे होते आर्क दिवे. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीचा पूल, आणि त्याचा डोळे दिपवणारा प्रकाश. रस्त्याला, बंदराला, कारखान्याला ठीक. घरात? बैठकीच्या खोलीत कोणी हॅलोजनचा फ्लडलाइट लावला तर कसं वाटेल, तसं. शिवाय हे दिवे बहुधा एकामागे एक, एका साखळीत जोडलेले असत. दिवाळीच्या जुन्या माळा आठवतायत? एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद, आणि मग बाबा एकेक बल्ब हलवून बघत बसणार. तोच प्रकार. साखळीतला एकच दिवा मालवायचा म्हटलं तर साखळीच तुटते.

मग वीज छोट्या छोट्या दिव्यांत 'वाटून' देता येईल का, हा त्या काळातला मोठा प्रश्न होता. ब्रिटिश पोस्ट खात्यातले नामांकित इंजिनियर विल्यम प्रीस यांनी १८७९ च्या सुमारास हे निव्वळ मृगजळ असल्याचं सांगितलं होतं. मोठी माणसंही चुकतात, हे लक्षात ठेवा, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी उपयोगी पडेल.

उत्तर निघालं दोन गोष्टींतून. एक म्हणजे तापणाऱ्या तारेचा बंद काचेतला दिवा. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन या दोघांनी तो जवळपास एकाच काळात वापरण्याजोगा केला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे समांतर जोडणी. साखळीऐवजी शिडी करायची. शिडीचे दोन उभे बांबू म्हणजे दोन मुख्य तारा, आणि प्रत्येक आडवी पायरी म्हणजे एक दिवा. एक पायरी काढली तरी बाकीच्या जागेवर. नवीन दिवा हवा? नवीन पायरी ठोका.

इथे जरा थांबा. 'घरात एक जास्तीचा दिवा जोडणं' ही कल्पनाच या शिडीमुळे शक्य झाली. साखळीत एक दिवा वाढवला तर बाकीचे सगळे मंद होतात. शिडीत पायरी वाढवली तर बाकीच्यांना पत्तासुद्धा लागत नाही. एडिसननं ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू केलं, ते याच पद्धतीवर.

पाऱ्यात बुडवायचा दिवा

पण घरात हे सगळ्यात आधी कुणी करून पाहिलं, त्यातलं एक फार मजेशीर नाव आहे विल्यम आर्मस्ट्राँग. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थंबरलंडमध्ये त्यांचं 'क्रॅगसाइड' नावाचं घर. तोफा आणि यंत्रं बनवणारा श्रीमंत माणूस. घराजवळच्या पाण्याच्या जोरावर जनित्र फिरवून त्यांनी १८७८ मध्ये आर्क दिवा लावला, आणि १८८० मध्ये मित्र स्वान यांचे नवे दिवे घरभर बसवले.

आता त्यांच्या वाचनालयातल्या दिव्यांचं बटण कसं होतं ऐका. तांब्यावर मिनाकारी केलेल्या फुलदाण्या, वर दिवा. फुलदाणीतून एक तार खाली येते, तिचं टोक उघडं. ज्या बैठकीवर फुलदाणी ठेवायची तिच्या मध्यभागी पाऱ्याची छोटी वाटी. फुलदाणी ठेवली की तार पाऱ्यात बुडते, दिवा लागतो. उचलली की गेला. आणि परतीचा प्रवाह कुठून? फुलदाणीच्या तांब्यातूनच! म्हणजे ज्याला हात लावून उचलायचं तीच वस्तू वीज वाहून नेतेय. आजचा कुठलाही वायरमन हे ऐकून कपाळाला हात लावेल.

पण आर्मस्ट्राँग यांनी आणखी एक गोष्ट केली होती. घरात एकूण ४५ दिवे, पण ते लिहितात की खोलीखोलीचा प्रवाह बंद करता येत असल्यामुळे एका वेळी ३७ पेक्षा जास्त कधी लागत नाहीत. जनित्राची ताकद मर्यादित होती, म्हणून ज्या खोलीत माणूस नाही तिथला दिवा बंद. आई दिवसातून चारदा जे ओरडते, 'खोलीत कोणी नाही तर दिवा कशाला?', ते विजेच्या पहिल्या घरांपासून चालत आलेलं आहे.

'टक्' आवाज कुठून आला

आता खरी अडचण. वीज जोडणं सोपं, तोडणं अवघड. त्या काळी घरांत यायची ती बहुतेक ठिकाणी डीसी वीज, एकाच दिशेनं सतत वाहणारी. दोन धातूंची टोकं हळूहळू दूर केली की मधल्या हवेत ठिणगी उडते, आणि डीसीमध्ये ती ठिणगी टिकून राहते. सुरुवातीची बटणं म्हणजे लाकडी पट्टीवर पितळेची पाती, सावकाश फिरवायची. ठिणगीनं पितळ वितळायचं, लाकूड करपायचं. घर लाकडाचं असेल तर पुढचं सांगायला नको.

यावर उपाय काढला न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी, १८८४ मध्ये. त्यांची कल्पना साधी होती: माणसाचा हात कितीही सावकाश फिरू दे, आतलं पातं मात्र स्प्रिंगच्या जोरावर झटकन उडालं पाहिजे. एका ठरावीक बिंदूपर्यंत बटण काहीच करत नाही, आणि तो बिंदू ओलांडला की स्प्रिंग सुटते आणि टक्! ठिणगीला टिकायला वेळच मिळत नाही.

आत्ता उठा आणि भिंतीवरचं एखादं बटण अगदी हळू दाबून बघा. अर्ध्यावर थांबवता येतं का? नाही. ते इकडे तरी जातं नाहीतर तिकडे. तो 'टक्' म्हणजे होम्स यांची कल्पना, आजही जिवंत. आज आपल्या घरात एसी वीज असते, ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी आपोआप मरते. तरीही तो झटका आपण सोडला नाही.

आणि योगायोग बघा, स्वान यांनी १८७९ मध्ये आपला दिवा लोकांसमोर दाखवला तो न्यूकॅसलमध्येच. दिवा आणि त्याचं धड चालणारं बटण, दोन्ही एकाच शहरातले.

मुंबईत दिवे लागले

आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ मध्येच विजेचे दिवे लावायचा करार झाला. पण कंत्राट घेतलेली कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट परत गॅसच्या दिव्यांवर आलं. शहराला नियमित वीजपुरवठा सुरू व्हायला १९०५ उजाडावं लागलं. तेव्हा वाडी बंदरला ४,३०० किलोवॅटचं वीजकेंद्र उभं राहिलं, आणि ७ मे १९०७ ला विजेवरची ट्राम धावली. पुढे १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, मुख्यतः कापड गिरण्यांसाठी.

या प्रकाशाची किंमतही कुणीतरी मोजत होतं. मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते, आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्यानं मिळाली. धरण झालंच. मुळशी हा स्वतंत्र भागाचा विषय आहे, पण बटण दाबताना तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे विसरू नये म्हणून सांगितलं.

घरातली वायरिंग आपल्याकडे बराच काळ लाकडी पट्टीवर व्हायची. सागवानी पट्टी भिंतीवर ठोकायची, तिच्यावर वायर, आणि छोट्या पत्र्याच्या क्लिपांनी आवळायची. किंवा लाकडी केसिंग, वर झाकण. जुन्या वाड्यांत, चाळींत अजून दिसते. त्यावर ती काळी गोल बेकलाइटची बटणं, वर खाली होणारा टपोरा खटका. बेकलाइट हे लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये तयार केलेलं प्लास्टिक. वीज वाहू देत नाही, उष्णतेनं वितळत नाही. बटणासाठी सोन्यासारखं.

अमेरिकेत वेगळीच तऱ्हा. तिथे बरीच वर्षं भिंतीवर एका दिव्याला दोन बटणं असायची, एकाखाली एक. एक दाबलं की दिवा लागतो आणि दुसरं बाहेर येतं. ते दाबलं की मालवतो. 'लावा'च्या बटणावर अनेकदा शिंपल्याचा पांढरा ठिपका, अंधारात दिसावा म्हणून. १९१७ च्या सुमारास विल्यम न्यूटन आणि मॉरिस गोल्डबर्ग यांनी वर खाली होणारा खटका आणला आणि ही जोडी हळूहळू गेली. अजून एक गंमत: आपण इंग्रजांकडून शिकलो म्हणून आपलं बटण खाली म्हणजे चालू. अमेरिकेत वर म्हणजे चालू. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मंडळींचा हात पहिले काही दिवस उलटाच पडतो.

जिन्यातलं कोडं

आता येतो तो भाग, ज्याच्यासाठी मी हा एपिसोड केला.

जिना. खाली एक बटण, वर एक बटण, मध्ये एकच दिवा. खाली लावायचा, वर जाऊन मालवायचा. आणि उलटही. साधं बटण इथे चालत नाही. दोन साधी बटणं एकामागे एक लावली, तर एकानं बंद केल्यावर दुसरा काही करूच शकत नाही.

बरोबर पद्धत अशी. 'टू-वे' बटणाला दोनऐवजी तीन खुंट्या असतात. एक मधली, आणि दोन बाजूच्या. बटण मधलीला कधी या बाजूला जोडतं, कधी त्या. विजेची फेज पहिल्या बटणाच्या मधल्या खुंटीला. दोन्ही बटणांच्या बाजूच्या खुंट्या एकमेकांना दोन वायरींनी जोडायच्या. दुसऱ्या बटणाच्या मधल्या खुंटीतून वायर दिव्याला. न्यूट्रल थेट दिव्याला. दोन्ही बटणं एकाच वायरीकडे तोंड करून असतील तर दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींकडे असतील तर मालवतो. कुठलंही एक फिरवा, परिस्थिती उलटते.

पण अमेरिकेत सुरुवातीच्या काळात एक दुसरीच पद्धत चालायची. तिला 'कार्टर सिस्टिम' म्हणतात. तेव्हा फेज आणि न्यूट्रल या तारा चिनीमातीच्या खुंट्यांवरून वेगवेगळ्या वाटेनं जायच्या. मग वायरमन विचार करायचा, दोन्ही बटणांजवळून दोन्ही तारा जातायतच, तर कशाला लांबच्या वायरी ओढा? दिव्याचं एक टोक खालच्या बटणाला, दुसरं टोक वरच्या बटणाला. प्रत्येक बटण आपल्या टोकाला फेज तरी देतं किंवा न्यूट्रल तरी. एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल असेल तर दिवा लागतो.

वायर वाचली. दिवा लागतो, मालवतो, सगळं छान. मग अडलं कुठे?

दिवा 'मालवलेला' असण्याच्या दोन अवस्था आहेत बघा. दोन्ही टोकांना न्यूट्रल, किंवा दोन्ही टोकांना फेज. दुसऱ्या अवस्थेत दिवा बंद दिसतो, पण होल्डर दोन्ही बाजूंनी जिवंत आहे. बल्ब बदलायला बोट लावणाऱ्याला हे कळायला काहीच मार्ग नाही. अंधारलेला दिवा म्हणजे वीज नाही, असंच आपण धरून चालतो. कार्टर सिस्टिम त्या विश्वासालाच दगा देते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वीज नियमावलीनं १९२३ मध्ये ही पद्धत बंद केली. तरी जुन्या घरांत ती आजही कधीतरी सापडते.

या सगळ्यातून आलेला नियम एका ओळीचा आहे: बटण फेजमध्ये, न्यूट्रलमध्ये कधीच नाही. आपल्याकडच्या १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही तेच होतं. न्यूट्रलमध्ये एकटं बटण किंवा फ्यूज टाकायचा नाही. कारण बटण न्यूट्रलमध्ये असलं तरी दिवा तितकाच छान लागतो आणि तितकाच छान मालवतो. चूक दिसत नाही. ती फक्त स्पर्शाला कळते.

आजीचा दिवा

आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मी गल्लीतल्या वायरमन काकांना बोलावलं. पंचेचाळीस वर्षं हेच काम करतायत. त्यांनी बटण बंद केलं, बल्ब काढला आणि होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. काका माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "बाळा, तू न्यूट्रल तोडलायस. फेज सरळ दिव्याला गेलीय."

त्या जुन्या बोर्डात सगळ्या वायरी एकाच विटक्या लाल रंगाच्या होत्या. मी अंदाजानं एक धरली, ती निघाली न्यूट्रल. तीच बटणाला लावली. फेज थेट होल्डरमध्ये, चोवीस तास.

"मग दिवा मिणमिणायचा का?" मी विचारलं.

काकांनी जे सांगितलं त्याचं शास्त्र असं: बटण बंद असलं तरी दिव्याच्या एका टोकाला फेज आहेच. लांबच्या वायरीतून, ओलसर भिंतीतून अगदी किंचित वीज झिरपत राहते. जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बला त्या थेंबानं काहीही झालं नसतं. एलईडीला मात्र एवढीशी वीजही पुरते. २०१५ नंतर उजाला योजनेतून कोट्यवधी एलईडी बल्ब घराघरांत गेले, आणि त्यांच्यासोबत 'बंद दिवा रात्री मिणमिणतो' ही तक्रारही. दर वेळी कारण चुकीचं बटणच असतं असं नाही. बटणात छोटा लाल दिवा असेल किंवा वायरी फार लांब शेजारी शेजारी गेल्या असतील, तरीही होतं. पण तपासून घ्या. तो मिणमिणाट म्हणजे भुताटकी नाही, निरोप आहे.

आणि मग काकांनी एवढंच विचारलं, "दिवाळीला घर कोण आवरतं?"

आजी. दर दिवाळीला आजी स्टुलावर चढते, बल्ब काढते, ओल्या फडक्यानं पुसते. होल्डरसुद्धा पुसते. अर्थात बटण बंद करूनच. तिला तेवढं कळतं.

मी काही बोललो नाही. काकांनीही पुढे काही म्हटलं नाही. पक्कड मागितली आणि कामाला लागले.

त्यांनी काय केलं ते नीट सांगतो, कारण रिकाम्या बटणावर दिवा वाढवण्याची हीच पद्धत. आधी मेन बंद. मग टेस्टरनं बोर्ड तपासला, आणि टेस्टरवर विश्वास न ठेवता होल्डरला बल्ब लावलेला टेस्ट लॅम्पही लावून बघितला. टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेलेली आहेच असं नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य. मग पहिल्या बटणाला जिथे फेज येत होती, तिथून छोटी लाल वायर दुसऱ्या बटणाच्या खुंटीला. याला म्हणायचं 'लूप'. दुसऱ्या बटणाच्या उरलेल्या खुंटीतून नवी वायर देवघराच्या होल्डरला. न्यूट्रल बोर्डातल्या त्याच जोडातून, ज्यातून ट्यूबलाइटला जाते, थेट होल्डरला. काळी वायर, बटणाला न शिवता.

"न्यूट्रल शेजारच्या खोलीतली का नाही घ्यायची? ती तर जवळ आहे," मी म्हटलं.

"उसनी न्यूट्रल घ्यायची नाही," काका म्हणाले. "ज्याची फेज त्याचीच न्यूट्रल."

का, तर उद्या कुणी शेजारच्या खोलीचा फ्यूज काढून काम करेल. त्याला वाटेल इथली वीज बंद आहे. त्यानं न्यूट्रलचा जोड सोडवला की आपल्या दिव्यातून आलेली वीज त्याच्या हातात. आणि नवीन घरांत जो गळती ओळखणारा ब्रेकर असतो, तो जाणारी आणि परत येणारी वीज सारखी आहे का ते मोजतो. उसनी न्यूट्रल घेतली की हिशेब जुळत नाही आणि तो सारखा पडतो. लोक मग ब्रेकरच खराब आहे म्हणून काढून टाकतात. तो बिचारा खरं सांगत असतो.

रंगांचंही एक. आपल्याकडे घरच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे फेजचे, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. पण युरोपच्या पद्धतीत निळा म्हणजे न्यूट्रल आणि तपकिरी म्हणजे फेज. ब्रिटननं २००४ पासून तेच स्वीकारलं. तुम्ही मागवलेल्या दिव्याची स्वतःची वायर अनेकदा तपकिरी-निळी असते. म्हणजे भिंतीतली निळी आणि दिव्याची निळी या दोन वेगळ्या भाषा बोलत असू शकतात. आणि जुन्या घरात रंगावर विसंबायचंच नाही, हे मी माझ्या उदाहरणानं सिद्ध केलंच आहे.

भिंतीतून खिशात

शेवटचा मुद्दा, आणि हा खास तुमच्यासाठी, कारण हे तुम्ही फोनवर ऐकताय.

१९३७ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलानं एक प्रबंध लिहिला. त्यानं दाखवलं की बटणांच्या जोडण्या आणि जॉर्ज बूल यांचं १८५४ मधलं तर्काचं गणित, हे एकच आहे. दोन बटणं एकामागे एक म्हणजे 'आणि'. दोन बटणं समांतर म्हणजे 'किंवा'. आणि जिन्यातली दोन बटणं? तिथे दिवा विचारतो, 'तुम्ही दोघं सारखे आहात की वेगळे?' हाच प्रश्न संगणक बेरीज करताना प्रत्येक अंकाला विचारतो. तुमच्या फोनच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म बटणं आहेत, आणि त्यांतली कितीतरी दिवसभर जिन्यातल्या बटणाचंच काम करतायत.

आणि आता तोच फोन भिंतीवर परत आलाय. स्मार्ट स्विच! फोनवरून दिवा लावा. पण मागवल्यावर बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, कारण खोक्यावर लिहिलेलं असतं की न्यूट्रल वायर लागेल. का? साध्या बटणाला स्वतःसाठी वीज लागत नाही, ते फक्त वाट उघडतं आणि बंद करतं. स्मार्ट स्विच मात्र सतत जागा असतो, वायफाय ऐकत. त्यालाही शिडीची एक पायरी हवी, म्हणजे फेजही आणि न्यूट्रलही. अमेरिकेतल्या अनेक जुन्या घरांत बटणाच्या डब्यात न्यूट्रल नेलेलीच नसायची, म्हणून तिथल्या नियमावलीनं २०११ पासून बहुतेक नव्या जोडण्यांत ती ठेवायला सांगितली. आपल्याकडे बोर्डातच लूप करायची पद्धत असल्यामुळे न्यूट्रल बहुधा बोर्डात सापडते. पट्टीवर वायरी ठोकणाऱ्या जुन्या वायरमन मंडळींनी नकळत आपली सोय करून ठेवलीय.

तर मंडळी, घरी जास्तीचा दिवा लावायचा असेल तर परवानाधारक वायरमन बोलवा. पैसे वाचवायचे म्हणून माझ्यासारखं करू नका. पण ते काम करत असताना शेजारी उभे राहा आणि एवढं विचारा: "काका, बटण फेजमध्येच आहे ना?" चांगला वायरमन चिडणार नाही. उलट खूश होईल आणि टेस्टर लावून दाखवेल.

आजीचा दिवा आता बटण बंद केलं की पूर्ण अंधारतो. या दिवाळीच्या आधी मी गेलो होतो. आजी म्हणाली, "स्टूल धर, मी होल्डर पुसते."

मी स्टूल धरलं नाही. मेन बंद केला, आणि फडकं घेऊन स्वतः वर चढलो.

पुढच्या भागात भेटू. तोवर निघताना खोलीतला दिवा मालवा. आर्मस्ट्राँगसाठी नाही, तर आईसाठी!